येतो म्हणून गेलेला

माझ्या सत्काराच्या भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं. 'माधवनगरच्या गिरणी कामगाराचा हा मुलगा जर्मनीला गेला आणि सहा महिन्यांत तिथल्या माणसासारखं जर्मन बोलू लागला.' टाळ्या पडतात. मीही हात जोडतो. वाक्य खरं आहे, पण अर्धंच. सहा महिन्यांत मी ती भाषा कशी शिकलो आणि त्या शिकण्यात कोण चेपला गेला, हे बोलणाऱ्यांना ठाऊक नाही. ठाऊक होतं दोघांना, मला आणि बबनला. बबन आता नाही. तेव्हा हे लिहायचं माझ्याकडंच आलं, आणि मला पत्रकासारखंच लिहिता येतं, आडपडदा न ठेवता. फरक एवढाच की या पत्रकात ज्याचा धिक्कार आहे, तोच खाली सही करणार आहे.

आमचं घर गिरणीच्या भिंतीला लागून होतं. भिंतीपलीकडं माग चालायचे आणि अलीकडं आमच्या फडताळातल्या कपबश्या दिवसभर किणकिणायच्या. गिरणीला सुट्टी असली की ती किणकिण थांबायची आणि आई म्हणायची, घर मुकं झाल्यासारखं वाटतंय. वडील मागखात्यात होते. त्या आवाजात उभं आयुष्य काढल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून आम्ही घरात सगळेच ओरडून बोलायचो. 'मीठ वाढ' हेसुद्धा सभेत मागणी केल्यासारखं. माझा आवाज तिथंच कमावला गेला. सांगलीच्या कॉलेजात गेल्यावर मी युनियनसाठी पत्रकं लिहायला लागलो. पत्रकाची एक रीत असते. वर प्रश्न, मध्ये तीन मुद्दे, खाली हुकूम. ती रीत माझ्या हाडात इतकी मुरली की बहिणीला पत्र लिहिलं तरी त्यात तीन मुद्दे यायचे. मी लिहायचो आणि सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल मारायचा बबन. बबन म्हसवडचा, माझ्याच वर्गातला. त्याच्या घरी घोंगडी विणायचे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर त्यानं हजेरी घेणाऱ्या कारकुनाला सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं, आणि ते त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं, दुसऱ्याकडून कळलं. मी तसलं काही केलं असतं तर त्यावर पत्रक काढलं असतं. दोघांत हा फरक होता, आणि तो मला त्या वयात माझ्या बाजूचा वाटायचा.

युनियनच्या ओळखीतल्या एका मैत्री मंडळानं पूर्व जर्मनीला दोन विद्यार्थी पाठवायचं ठरवलं. कापडाचं तंत्र शिकायचं, पण आधी भाषेचं शिक्षण, आणि भाषेच्या परीक्षेत पास झाला तरच पुढचा रस्ता. नापास झाला तर परतीचं तिकीट. मंडळानं माझं नाव घेतलं माझ्या लेखणीमुळं आणि बबनचं घेतलं तो दुष्काळी भागातला म्हणून. सभेत सांगायला बरं दिसतं. हे मी आज म्हणतोय असं नाही, मला तेव्हाही समजत होतं. बबनलाही समजत होतं. तो म्हणाला, "मला दुष्काळाच्या कोट्यातनं घेतलंय गड्या. चला, पाऊस न्हाई पडला त्याचा कायतरी उपेग झाला."

निघायच्या दिवशी आईनं आम्हा दोघांच्या हातावर दही ठेवलं. मी हात मागं घेतला. गेल्याच महिन्यात मी 'शकुन-अपशकुनाचा धंदा बंद करा' हे पत्रक लिहून माधवनगरात घरोघर वाटलं होतं, आणि त्यातलं एक घर माझं होतं. आई अवघडून उभी राहिली. वडील आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "खा की रं दही! दही खाल्ल्यानं तुझी क्रांती नासत न्हाई!" गल्ली हसली. बबननं आपलं दही खाल्लं, मग आईच्या बोटांवरचं माझंही घेतलं आणि म्हणाला, "त्याच्या वाटणीचं बी मीच घेतो मावशी, वाया नगं जायाला." आईचा चेहरा निवळला. मी खाली मान घालून ट्रंकेला दोरी बांधत बसलो. मला त्या दोघांचा राग आला होता.

तिकडचं गाव कापडगिरण्यांचंच होतं. स्टेशनवर उतरलो तेव्हा लांबून भोंगा ऐकू आला आणि क्षणभर वाटलं, आपलंच आहे हे. मग कोणीतरी काहीतरी बोललं आणि ते वाटणं संपलं. भाषा न येणं म्हणजे काय हे वाचून कळत नाही. माझ्या एका आवाजावर माधवनगरच्या फाटकाबाहेर माणसं मुठी वळायची, आणि इथं मी एका लहान मुलांच्या चित्राकडं बोट करून म्हणत होतो, हे टेबल आहे. ही माझी पेन्सिल आहे. माझी पेन्सिल पिवळी आहे. दिवसभर तेच. मला भूक लागली हे सांगता येत होतं, मला अपमान वाटला हे सांगता येत नव्हतं. दुकानातली बाई माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायची, बहिऱ्याशी बोलतात तशी. आणि बहिऱ्या बापाच्या घरात वाढलेल्या मला ते ओरडणं ओळखीचं असूनही सहन व्हायचं नाही. काळा आंबट पाव, उकडलेले बटाटे, कोबीत शहाजिरं. आईनं झाकण डाग मारून पक्कं बंद करून दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आम्ही महिनाभर चिमटीचिमटीनं पुरवला. पावावर लोणी आणि वर चटणी असं खाल्लं की बबन डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आता कवाडाबाहेर कुनीबी काय बी बोलू दे."

वसतिगृहात आमची दोघांची एक खोली होती. खिडकीखाली लोखंडी नळ्यांचा गरम पाण्याचा रेडिएटर, तो पहाटे ठकठक वाजायला लागायचा. बबननं घरून घोंगडं आणलं होतं. रेडिएटरच्या उबेनं त्या घोंगड्याला मेंढराचा वास सुटला आणि सगळ्या मजल्याला कळलं. वसतिगृहाची देखरेख करणारा म्हातारा नाकाला रुमाल लावून आला, घोंगडं काठीनं उचललं आणि औषध मारायला घेऊन गेला. तीन दिवसांनी ते परत आलं तेव्हा त्याला दवाखान्याचा वास येत होता. बबननं ते हुंगलं, घडी केली आणि ट्रंकेत तळाला टाकलं. "पार बाटवलं त्येला," एवढंच म्हणाला. मी त्याला म्हणालो, आपण यांच्या देशात आलोय, यांच्या रीतीनं राहायला शिकलं पाहिजे. आज हे वाक्य दुसरा कोणी कोणाला म्हणताना ऐकलं तर मी त्याच्या अंगावर धावून जातो. तेव्हा ते मी म्हणालो होतो, कोणी सांगितलेलं नसताना.

आमच्या शिक्षिका फ्राउ लेमान. पन्नाशीच्या, चष्म्याला साखळी, बोटांना खडू. चांगली बाई होती, हे मुद्दाम लिहितो, कारण या हकिगतीत खलनायक शोधायची वाचकाला सवय असेल तर ती जागा भरलेली आहे. जर्मन भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगं असतात, तो, ती आणि ते. आम्हाला ते सोपं जायला हवं होतं. पण त्यांचा चमचा 'तो', काटा 'ती' आणि सुरी 'ते'. आणि पोरगी 'ते'. बबन हे ऐकून बाकावर मागं रेलला. "पोरगीला 'ते' म्हनत्यात? आणि काट्याला बाई केलीया? ह्यास्नी घरात लगीन कुनाचं कुनाशी लावायचं ह्येच ठरवता येत नसंल." मी हसलो आणि लगेच हसू आवरलं. फ्राउ लेमाननं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही. तेव्हापासूनच बबनचं बोलणं पलीकडं न्यायचं की नाही हे मी ठरवायला लागलो होतो.

मग मी एक काम केलं ज्याबद्दल मला कोणीच जाब विचारला नाही. दोन महिने झाले तरी बबनची गाडी पुढं सरकेना, म्हणून मी खोलीच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. वर लिहिलं, 'आपण इथं कशासाठी आलो?' खाली तीन मुद्दे. एक, भाषा हेच हत्यार. दोन, मराठी बोलण्यानं हत्यार बोथट होतं. तीन, आजपासून खोलीत मराठी बंद. बबननं तो कागद उभ्यानं वाचला.

"सगळीच बंद?"

मी जर्मनमध्ये म्हणालो, हो.

"शिवी दिली तर?"

मी कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. तो म्हणाला, "बरं. तुझं बराबर असंल. तू लिवतोस त्ये बराबरच असतंय." त्या गावात त्याच्याशी मराठी बोलणारं दुसरं माणूस नव्हतं. एकच होतं आणि त्यानं संप पुकारला होता. मी दिवसेंदिवस जर्मन बोलत राहिलो आणि बबन दिवसेंदिवस गप्प होत गेला. कपडे धुताना तो नळाशी मराठीत बोलायचा. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो, आणि सहा महिन्यांत तिथल्या माणसासारखं बोलू लागलो. ते टाळ्यांचं वाक्य इथून आलं.

आता त्या शब्दाकडं येतो. आपल्याकडं निघालेला माणूस 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो, 'येतो हं', 'येऊ का'. जर्मनमध्ये आम्ही दोघंही पहिल्या दिवसापासून निघताना तेच म्हणायचो, 'इश कोमं', मी येतो. पहिल्या महिन्यात मी भोजनगृहातनं निघताना तसं म्हणालो, तर ताटं वाढणारी बाई डाव उचलून माझी वाट बघत राहिली. पोरं हसली. मला ते हसणं झोंबलं आणि त्या दिवसापासून मी 'इश गेए', मी जातो, म्हणायला शिकलो. सवय लागायला आठवडा गेला. बबननं मात्र ते शिकायला साफ नकार दिला. एवढी एकच गोष्ट त्यानं मला ठामपणे नाही म्हटली. वर्गातनं सगळे एकदमच उठायचे, म्हणून फ्राउ लेमानला त्याचं हे कधी कळलं नाही.

"न्हाई म्हननार," तो माझ्या मराठीबंदीला न जुमानता म्हणाला. "आमचा दादा मिल्ट्रीतनं सुट्टीवर आलता, निघताना गडबडीत 'जातो गं आई' म्हनला. सुरुंगावर पाय पडला. आला माघारी, पर एका पायानं. दागदर म्हनतो पाय सुरुंगानं गेला. आई म्हनती त्या शब्दानं गेला. मला ठावं हाय रं सुरुंगानंच गेला. पर मी नाय म्हननार त्यो शबूद. जर्मनीत बी न्हाई."

मी त्याला अंधश्रद्धा या विषयावर जर्मनमध्ये चार वाक्यं ऐकवली. व्याकरणात एकही चूक नव्हती.

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा झाली. मी पहिला आलो. बबन नापास झाला, पण थोडक्यात, आणि फ्राउ लेमाननं खटपट करून त्याला आणखी एक संधी मिळवली. शनिवारी सकाळी नऊ वाजता तिघा परीक्षकांची समिती फक्त त्याच्यासाठी बसणार होती. त्याच शनिवारी, त्याच वेळेला, गावातल्या दवाखान्यानं बबनला छातीच्या तपासणीला बोलावलं होतं. परदेशी विद्यार्थ्यांना ती सक्तीची होती आणि कागदावर भला मोठा शिक्का होता. बबन शिक्क्याला घाबरायचा. खडीच्या कामावर शिक्क्याचाच कागद माणसाला कामावरनं काढायचा. तो फ्राउ लेमानच्या खोलीत सांगायला गेला, शनिवारी दवाखाना आहे, परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्या. मला तो 'बरोबर ये' म्हणाला होता. मी म्हणालो, तूच सांग, त्यानंच भाषा येते. तो गेला, सांगितलं, आणि हसत परत आला. "सांगितलं समदं. बाई मान हलवत हुती. लय चांगली हाय."

शनिवारी तो दवाखान्यात गेला. तिकडं तिघे परीक्षक आपली सुट्टी मोडून दोन तास त्याची वाट बघत बसले.

सोमवारी आम्हाला बोलावणं आलं. बबनला जाब द्यायला आणि मला दुभाषा म्हणून. लांब टेबल, हिरवं कापड, पाण्याची बाटली. मध्ये संस्थेचे प्रमुख, करड्या कोटातले. एका बाजूला फ्राउ लेमान आणि दुसऱ्या बाजूला टिपणं घेणारी एक मुलगी. प्रमुख माझ्याकडं बघून हसले. आठवड्यापूर्वीच युवकांच्या सभेत मी त्यांच्यासमोर भाषण केलं होतं, आमचे कामगार अंधश्रद्धेविरुद्ध कसे लढतात यावर. शेवटी त्यांनी उठून माझा हात हातात घेतला होता. माझा तो हात आठवडाभर वेगळाच होता.

प्रमुख म्हणाले, नापास होणं हा गुन्हा नाही. पण या विद्यार्थ्यानं शब्द दिला आणि मोडला, हे वेगळं. फ्राउ लेमाननं सांगितलं, तो दवाखान्याचं काहीतरी बोलला. तिनं विचारलं होतं, म्हणजे तू शनिवारी येणार नाहीस का? तेव्हा तो उठून उभा राहिला, असे हात जोडले, आणि स्पष्ट म्हणाला, मी येतो. म्हणून तिनं समितीला कळवलं, तो येतोय.

मी हे बबनला मराठीत सांगितलं. कित्येक महिन्यांनी मी त्याच्याशी मराठी बोलत होतो. त्याला आधी समजेना. मग समजलं, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. एवढंच होय, असा.

"आरं, मी तवा निघालो हुतो! निघताना म्हनलं. सांग की त्यास्नी. आपल्यात जाताना येतोच म्हनत्यात, जातो म्हनायचं नसतंय. एवढंच सांग वसंता, झालं."

मला एक वाक्य बोलायचं होतं. त्यासाठी लागणारा प्रत्येक शब्द मला येत होता. ते वाक्य मी आजही झोपेत जर्मनमध्ये बोलू शकतो. पण त्याच्या मागं दुसरा प्रश्न येणार हे मला दिसत होतं. जातो का म्हणायचं नसतं? आणि मग मला त्या करड्या कोटासमोर सांगावं लागणार होतं की आमच्याकडं तो शब्द अपशकुनी मानतात. माझी आई मानते. गिरणीतला माझा बाप मानतो. ज्या कामगारांच्या लढ्यावर मी परवा बोललो, ते सगळे मानतात, आणि येताना मीही आईला 'येतो' म्हणूनच निघालो होतो. मी प्रमुखांना म्हणालो, त्याला झाल्या गोष्टीचं वाईट वाटतं, असं तो म्हणतोय.

बबन माझ्या तोंडाकडं बघत होता. फ्राउ लेमानला ते उत्तर पटलं नाही. बाई शिक्षिका होती, तिला कुठंतरी वास आला असावा. ती पुढं वाकली आणि हळू, मला नव्हे तर एखाद्या नवशिक्याला विचारावं तसं म्हणाली, तुम्ही त्याच्या भाषेतले आहात. तो 'येतो' का म्हणाला असेल? तुमच्या भाषेत याचा काही वेगळा अर्थ आहे का?

दार तिनं स्वतः उघडून धरलं होतं.

मी म्हणालो, "इश वाइस निश्त." मला माहीत नाही.

टिपणं घेणाऱ्या मुलीनं ते लिहून घेतलं.

त्या आठवड्यातच बबनला परत पाठवलं. मैत्री मंडळाचं पत्र आलं, काय घडलं ते कळवा. मी कळवलं. पत्रात 'बेजबाबदारपणा' हा शब्द होता आणि तीन मुद्दे होते. स्टेशनवर मी त्याची ट्रंक उचलून दिली. गाडी हलली तेव्हा तो 'येतो' म्हणाला नाही, 'जातो'ही म्हणाला नाही. मी मनाशी म्हटलं, याला काही कळलेलं नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. जे वाटलं ते लिहितोय.

मी आणखी चार वर्षं तिथं राहिलो, शिकलो, पदवी घेऊन आलो. माधवनगरला हार पडले. सांगलीला जाहीर सभा झाली. त्या सभेत बबनचं नाव निघालं तेव्हा मंडळाचा एक माणूस म्हणाला, प्रत्येकाच्या अंगात परदेश पेलायची ताकद नसते. व्यासपीठावर बसून मी ते ऐकलं. त्यानंतर महिन्याभरानं मी एसटीनं म्हसवडला गेलो. माफी मागायला गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे त्याला काय कळलं आणि काय नाही, हे बघायला गेलो.

बबननं सिद्धनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुकान टाकलं होतं. विहिरीवरच्या जळक्या मोटारींना तो नवी तार भरून द्यायचा. मला बघून उठला, हात पुसले. जाडा झाला होता. "आलास व्हय जर्मनीवाला! बस की. त्यो डबा सरकव." चहा सांगितला. गिरणीचं विचारलं, माझ्या वडिलांच्या कानाचं विचारलं. बोटं तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होती आणि तोंड बोलत होतं. मला धीर आला. मी म्हणालो, "बबन, त्या दिवशी मला काही सुचलं नाही रे. ते इतक्या भरभर बोलत होते, आणि तुला तर काहीच समजत नसणार..."

त्याची बोटं थांबली नाहीत.

"इश वाइस निश्त," तो म्हणाला. उच्चार अगदी स्वच्छ होता. "वरीसभर वर्गात ह्येच म्हनत हुतो मी. दिसाला धा डाव. तेवढं जर्मन मला येत हुतं रं, वसंता."

वेढा पुरा झाल्यावर त्यानं तार दातानं तोडली आणि वर बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "चल, जेवायला. आई वाट बघत आसंल."

मी नको म्हणायला हवं होतं. गेलो. घर दुकानामागंच होतं. दारात एक काठी टेकवलेली होती आणि बाजेवर त्याचा भाऊ बसला होता. त्यानं मला सलाम ठोकला, मिल्ट्रीतला. म्हातारीनं बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि ठेचा वाढला. मला निरखत बसली. तिच्या लेकाबरोबर परदेशाला गेलेला आणि शिकून आलेला हा, म्हणून तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक होतं, आणि ते कौतुक मला त्या ठेच्यापेक्षा तिखट लागत होतं.

"तुमास्नी तिकडली भाषा लय झ्याक आली म्हनं," ती म्हणाली. "आमच्या बबन्याला न्हाई आली. डोस्कंच जड ह्येचं, ल्हानपनापास्नं. मास्तर बी म्हनायचं. सरकारचं येवढं पैकं घालवून माघारी आला. गावात लय हसली मानसं."

मी बबनकडं बघितलं. तो खाली बघून माडग्यात भाकरी चुरत होता. चार वर्षं त्यानं आईला काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. इतकी वर्षं तो तिच्यापुढं ढ पोरगा म्हणून बसत आला होता आणि आत्ताही तसाच बसला होता. इथं करडा कोट नव्हता. टिपणं घेणारं कोणी नव्हतं. भाषा माझी होती, आणि शब्द असा होता की त्याचा अर्थ त्या म्हातारीइतका जगात कोणालाच कळला नसता. मावशी, तुमच्या मुलानं तुमचा शब्द पाळला म्हणून तो परत आला. एवढंच सांगायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

बाजेवरचा भाऊही माझ्याकडं बघत होता. मी घास गिळला.

"भाषा लय अवघड हाय ती, मावशी," मी म्हणालो.

"व्हय तर," ती म्हणाली आणि मला आणखी एक भाकरी वाढली.